बोलकी वस्त्रे

माणूस वस्त्र का धारण करतो, या प्रश्नाची तीन उत्तरे आपल्याला लहानपणापासून पाठ असतात : ऊनपावसापासून रक्षण, लज्जारक्षण आणि शोभा. या तिहींत न बसणारे चौथे एक कारण आहे आणि प्रस्तुत लेखाचा विषय तेच आहे. मनुष्य कधी कधी काही सांगण्यासाठी वस्त्र धारण करतो. तोंडाने बोलण्याची मुभा नसते, किंवा बोललेले कोणी मनावर घेत नाही, अथवा समोरच्याला थोडे डिवचल्यावाचून तो कान देणार नाही अशी खात्री असते. तेव्हा तो आपले मत अंगावर घालून चारचौघांत उभा राहतो. अशा वस्त्रांना आम्ही 'बोलकी वस्त्रे' म्हणतो.

वडोदऱ्याच्या मंगळ बजारातून किंवा आपल्या करजणच्या पेठेतून एक चक्कर टाकली, तर अशी वस्त्रे दोरीवर टांगलेली दिसतात. कुठे जिरेटोप घातलेले शिवछत्रपती, कुठे तिरकी टोपी घातलेले भगतसिंग, कुठे चष्म्यातील बाबासाहेब, तर कुठे टोपीवर तारा असलेला दाढीवाला परदेशी तरुण. तरुण मुले ही वस्त्रे हौसेने घेतात. छातीवरचा हा तारावाला गृहस्थ कोण, असे विचारले तर मात्र दहांपैकी निदान सहाजण खांदे उडवितात. यात त्यांचा फारसा दोष नाही. कारण ही चित्रे अंगरख्यावर आली कशी, आणि ती येण्यापूर्वी कोणी कोणत्या वस्त्रासाठी काय सोसले, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

कापडाच्या गोष्टीसाठी आम्हां करजणकरांस दूर जावे लागत नाही. ढाढर आणि नर्मदा या नद्यांमधील काळ्या मातीचा हा मुलूख कानम म्हणून ओळखला जातो आणि कपाशी हे त्याचे जुने पीक. खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकीर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम असा अरुंद रुळांचा लोहमार्ग घातला गेला. भारतातील अशा जातीचा तो पहिलाच. आरंभी त्याच्यावरून डबे ओढीत ते बैल! वाफेची इंजिने नियमाने धावू लागली ती पुढे. १८६२ हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध पेटले होते, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि भरूचकडील कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला होता. आपल्या शेतातला कापूस मुंबई बंदरातून विलायतेस जाई, आणि तेथे त्याचे सूत व कापड होऊन ते पुन्हा आपल्याच बाजारात विकावयास येई. त्या ताग्यांवर रंगीत चित्रांची टिकिटे चिकटविलेली असत. लक्ष्मी, कृष्ण, राजेरजवाडे अशी. मजकूर वाचता न येणारे गिऱ्हाईक चित्रावरून माल ओळखे. चित्र कापड खपविते, हे मँचेस्टरच्या व्यापाऱ्याला आजच्या टी-शर्टवाल्याच्या कितीतरी आधी उमगले होते.

परंतु चित्राच्या आधी पोशाखाकडे वळू. महाराष्ट्रात पोशाखाने बोलण्याचा एक ठसठशीत प्रसंग पुण्यास २ मार्च १८८८ रोजी घडला. व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी योजिली होती. शहरातील प्रतिष्ठित मंडळी शालजोड्या, जरीच्या पगड्या आणि जडजवाहीर घालून आली होती. त्या मेळाव्यात जोतीराव फुले आले ते शेतकऱ्याच्या वेषात : डोक्यास जीर्ण पागोटे, खांद्यावर घोंगडी, पायांत तुटक्या वहाणा. दारावरच्या लोकांनी त्यांना अडविले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. यजमानांनी ओळखून आत नेले. मग जोतीरावांनी राजपुत्राला सुनावले, की येथे बसलेले हे रत्नजडित लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरा देश पाहावयाचा असेल तर खेड्यापाड्यांत जा, आणि तेथील प्रजेस शिक्षण हवे आहे, हा निरोप आपल्या मातोश्रींस कळवा. हेच शब्द त्यांनी शालजोडी पांघरून उच्चारले असते, तर ते एक बरेसे भाषण ठरले असते. घोंगडीमुळे ते भाषण पुरावा होऊन बसले. बोलणारा ज्यांच्याविषयी बोलत होता, ते सर्व जणू त्याच्या खांद्यावरून त्या दिवाणखान्यात शिरले.

यानंतर तेवीस वर्षांनी घडलेला प्रसंग तर आपल्या बडोद्याचाच. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीस पंचम जॉर्ज बादशहांचा राज्यारोहण दरबार भरला. प्रत्येक संस्थानिकाने आपले अलंकार व बादशाही सन्मानचिन्हे धारण करून पुढे यावे, लवून मुजरा करावा आणि सिंहासनाकडे पाठ न करता काही पावले मागे सरत जावे, असा दंडक होता. निजामांच्या पाठोपाठ सयाजीराव महाराज गायकवाड पुढे आले. अंगात साधा पांढरा पोशाख. ज्या घराण्याचे जवाहीर साऱ्या देशात विख्यात, त्याच्या धन्याच्या अंगावर दिपविणारे असे काही नाही. हातात एक काठी. त्यांनी एकवार वाकून नमस्कार केला आणि ते पाठ फिरवून चालते झाले. झाले! विलायतेतील वृत्तपत्रांनी राजद्रोहाची ओरड केली. समारंभाचे चलच्चित्र घेतलेले होते. ते लंडनच्या नाट्यगृहांत दाखविले गेले तेव्हा त्या दृश्यावर प्रेक्षक संतापले. महाराजांना व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्याकडे खुलाशाचे पत्र धाडावे लागले, आणि ते छापूनही आले. आपण गोंधळून गेल्यामुळे रीत चुकलो, अनादराचा हेतू नव्हता, असा त्या पत्राचा आशय होता.

महाराजांनी हे बुद्ध्या केले की अनवधानाने, यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही. आम्हांस मात्र एक भेद करावासा वाटतो. पाठ फिरणे गोंधळामुळे घडू शकते. पोशाख गोंधळाने घडत नाही. तो सकाळी डेऱ्यात, सेवकांच्या देखत, एकेक वस्तू बाजूला ठेवून केलेला असतो. आणि ही केवळ लहर होती असेही कोणी समजू नये. महाराजांच्या आधी गादीवर असलेल्या मल्हाररावांना इंग्रजांनी १८७५ मध्ये पदच्युत केले होते, तेव्हा गादी किती सहज जाते हे त्यांना ठाऊक होते. शिवाय अरविंद घोष १८९३ ते १९०६ पर्यंत बडोद्याच्या नोकरीत होते, त्यामुळे सरकारची वक्र दृष्टी या संस्थानावर आधीच वळलेली होती. अशा वेळी हिरे न घालणे हे हिरे घालण्यापेक्षा महाग पडण्याचा संभव होता.

त्याच बादशहांसमोर ५ नोव्हेंबर १९३१ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात आणखी एक हिंदी पाहुणा गेला, तो गुडघ्यापर्यंतचा पंचा नेसून आणि अंगावर चादर घेऊन. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले होते. वीस वर्षांपूर्वी साध्या पांढऱ्या पोशाखाने ज्या दरबाराचा अपमान झाला होता, त्याच राजघराण्याला आता याहून साध्या पोशाखाचे स्वागत करावे लागले. या दोन तारखांच्या मध्ये काय घडले, याचे उत्तर खादीत आहे. आणि त्या खादीचा धागा, वाचकांस कौतुक वाटेल, आपल्याच परिसरातून जातो.

१९१७ साली भरूच येथे गुजरात शिक्षण परिषद भरली, तिचे अध्यक्ष गांधीजी होते. तेथे त्यांना गंगाबेन मजमुदार या धाडसी विधवा बाई भेटल्या. आश्रमाला हातमाग मिळाले होते, पण हाताने सूत कातणारे कोणी सापडत नव्हते. चरखा कसा असतो हे दाखविणारे मनुष्यही मिळेना. तो शोधून काढण्याचे काम गंगाबेननी पत्करले. गुजरातभर हिंडल्यावर त्यांना चरखे आढळले ते विजापूर येथे, म्हणजे गायकवाडी राज्यात. कित्येक घरांच्या माळ्यांवर ते अडगळ म्हणून पडले होते. पेळू पुरविणारा आणि सूत विकत घेणारा कोणी मिळाल्यास आम्ही पुन्हा कातू, असे तेथील बायांनी सांगितले. ज्या वस्तूचे पुढे देशाच्या निशाणावर चित्र निघाले, ती वस्तू गायकवाडीतल्या माळ्यावरून खाली उतरली, हे आम्हांस विशेष वाटते.

खादीबरोबर टोपी आली. बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात पूर्वी शिकविलेले काका कालेलकर यांच्याजवळ गांधीजींनी या टोपीच्या घडणीचा विचार बोलून दाखविला होता. फेट्यापागोट्यांना वारेमाप कापड लागते. काश्मिरी टोपीचा घाट सुटसुटीत, घडी करून खिशात मावतो. आणि रंग पांढरा, कारण पांढऱ्यावर घाम व मळ दिसतो, म्हणजे ती धुणे भाग पडते! गंमत अशी, की स्वतः गांधीजींनी ही टोपी फार थोडा काळ वापरली. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरेस त्यांनी पंचा स्वीकारला आणि डोक्यावरची टोपीही सोडली. टोपी राहिली ती अनुयायांच्या डोक्यांवर, आणि त्यातही मराठी मुलखात अशी रुजली, की आज एखाद्या खेडुताला किंवा मुंबईच्या डबेवाल्याला ती राजकीय वस्तू वाटतच नाही. ती केवळ डोक्यावरची टोपी असते. वस्त्रातला अर्थ असा धुऊन निघतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

पण तो अर्थ एके काळी किती दाहक होता, ते सोलापूरने पाहिले. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर तेथे उसळलेल्या चळवळीमुळे शहरात लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि जूनअखेरपर्यंत तो चालू राहिला. त्या दिवसांत गांधी टोपी घालून रस्त्यावर निघणे हाच अपराध झाला. शिपाई टोप्या काढावयास लावीत, न काढणाऱ्यास झोडपीत. टोपीत ना शस्त्र, ना मजकूर. वीतभर पांढऱ्या कापडाला सरकार का भ्याले? उघड आहे. सभा मोडता येते, छापखान्याला टाळे ठोकता येते. परंतु हजारो लोक एकच टोपी घालून बाजाराला निघाले, तर प्रत्येकाला दुसरा मनुष्य आपल्या बाजूचा आहे हे न बोलता कळते. धाक नाहीसा होण्यास एवढे पुरे असते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना सोलापूरच्या प्रकरणात १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. त्याच्या बरोबर एक महिना आधी, १२ डिसेंबर १९३० रोजी, मुंबईच्या काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाची मोटारलॉरी अडविताना बाबू गेनू हा महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार तिच्याखाली चिरडला गेला. त्याच मुंबईत देशसेविका संघाच्या स्त्रिया केशरी साड्या नेसून दुकानांपुढे निरोधन करीत. कितीतरी घरांतून बाईमाणसाने असे रंग नेसून रस्त्यात उभे राहणे हेच मोठे बंड होते.

खादीचा हा बोल सर्वांना सारखाच ऐकू येत होता, असे मात्र नव्हे. ज्या समाजाला शतकानुशतके चिंध्याच नेसावयास लावले, त्याने साधेपणाचे व्रत कशासाठी घ्यावे? डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना उद्देशून जे भाषण केले, त्यात लुगड्याची गोष्ट मुद्दाम काढली. गुडघ्यापर्यंत लुगडे नेसण्याची आणि गळाभर, हातभर गिलटाचे दागिने घालण्याची पद्धत ही अस्पृश्यतेची खूण आहे. ती सोडा, इतर स्त्रिया नेसतात तसे लुगडे नेसा, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. ते ऐकून तेथल्या तेथे बायांनी नेसण्याची तऱ्हा बदलली. येथे वस्त्रावर ना चित्र, ना अक्षर. केवळ काठ घोट्यापर्यंत आला, आणि गावगाड्याला ते आव्हान वाटले. बाबासाहेब स्वतः नेहमी सुटाबुटात असत. सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेला हा विद्वान १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाला तेव्हा त्याला राहावयास जागा मिळेना, हे आपल्या शहराच्या इतिहासातील दुःखद पान आहे. मुंबईहून येणारी ती गाडी मियागाम-करजणवरूनच गेली असली पाहिजे. ज्याला कोट घालण्याचा अधिकारच नाही असे समाज समजतो, त्याच्या अंगावरील कोट हा शोभेचा नसतो. गांधीजींनी कपडे उतरविले आणि आंबेडकरांनी चढविले. दोघांनीही त्यातून काही सांगितले, आणि दोन्ही सांगणी एकमेकांस छेद देणारी होती. या दोहोंपैकी कोणते खरे, असा प्रश्न परीक्षेत कोणी घालू नये. उत्तर विचारणाऱ्याच्या जागेवर अवलंबून आहे.

आता अक्षरांकडे आणि चित्रांकडे येऊ. कापडावर मत लिहिण्याची चाल परदेशातून आली असे पुष्कळांस वाटते, तसे नाही. १८५६ च्या सुमारास, विधवाविवाहाच्या कायद्याचा वाद पेटला असताना, बंगालमधील शांतिपूरच्या विणकरांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांना दीर्घायुष्य चिंतिणाऱ्या कविता साड्यांच्या काठांवर विणल्या. त्याच बंगालात ११ ऑगस्ट १९०८ रोजी खुदीराम बोस हा अठरा वर्षांचा तरुण फासावर गेला, तेव्हा त्याचे नाव काठावर विणलेली धोतरे तरुण विद्यार्थी नेसू लागले. मुझफ्फरपूरच्या त्याच बाँब प्रकरणावरील 'केसरी'तील लेखांसाठी लोकमान्य टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली होती, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. १९१० साली सरकारने छापखान्यांवर कडक कायदा केला आणि त्याच्या आधारे बंगालमध्ये खुदीरामाची कविता काठावर असलेल्या धोतरांवरही बंदी घातली. धोतर हे छापील वाङ्मय ठरले! कायद्याच्या इतिहासात असा विनोद क्वचितच सापडेल. पण त्या विनोदामागे सरकारची एक अचूक समज होती. पुस्तक मिटून ठेवता येते. नेसलेले धोतर दिवसभर उघडे असते.

पूर्वी कापडावर चित्र उठवावयाचे तर लाकडी ठसे लागत. ते कोरणारे आणि छापणारे छिपे गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अलीकडे बहुधा जाळीची छपाई वापरतात. चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवितात, चित्राबाहेरची छिद्रे बुजवितात आणि रबराच्या पट्टीने शाई दाबून खालच्या कापडावर उतरवितात. प्रत्येक रंगाला स्वतंत्र जाळी लागते. म्हणून ज्या चित्रात केवळ गडद आणि फिका असे दोनच भाग आहेत, ते स्वस्तात छापले जाते आणि दुरूनही ओळखू येते. तारावाल्या परदेशी तरुणाचे गुपित यातच आहे. तो अर्नेस्टो 'चे' गेव्हारा, जन्माने आर्जेंटिनाचा डॉक्टर आणि क्युबाच्या क्रांतीतील सेनानी. ५ मार्च १९६० रोजी हवाना येथे, बंदरातील जहाजाच्या स्फोटात मेलेल्यांच्या शोकसभेत, आल्बेर्तो कोर्डा या छायाचित्रकाराने त्याचे छायाचित्र टिपले. ऑक्टोबर १९६७ मध्ये बोलिव्हियात चे मारला गेला, आणि १९६८ साली जिम फिट्झपॅट्रिक या आयरिश चित्रकाराने त्या छायाचित्रातील सर्व करड्या छटा काढून टाकून लाल व काळ्या रंगांत भित्तिचित्र केले. छटा गेल्या आणि चित्र जगभर गेले. कोर्डाने या चित्राचा मोबदला कधी मागितला नव्हता. पण एका मद्याच्या जाहिरातीत ते वापरलेले पाहताच त्याने २००० साली दावा लावला आणि तडजोडीत मिळालेली रक्कम क्युबातील मुलांच्या औषधोपचारासाठी देऊन टाकली. खाजगी भांडवलाविरुद्ध लढताना मेलेल्या माणसाचे तोंड दुकानदाराच्या गल्ल्यात भर घालते, यातला विसंवाद कोर्डाला तरी सलला.

आपल्या भगतसिंगांच्या चित्राचीही कथा अशीच आहे. विलायती टोपीतील त्यांचे प्रसिद्ध छायाचित्र एप्रिल १९२९ मध्ये, असेंब्लीतील बाँबफेकीच्या काही दिवस आधी, दिल्लीस काढलेले. डिसेंबर १९२८ मध्ये साँडर्सच्या वधानंतर राजगुरूंसह लाहोरहून निसटताना त्यांनी अशीच साहेबी टोपी वेषांतरासाठी घातली होती. ओळखू येऊ नये म्हणून घातलेल्या टोपीनेच आज ते ओळखले जातात. पुष्कळ टी-शर्टांवर मात्र टोपीऐवजी पिवळे पागोटे दिसते. ते त्या छायाचित्रात नाही. छापणाऱ्याला जो भगतसिंग हवा तो तो छापतो.

पाश्चात्त्य देशांत बनियनासारख्या अंगरख्यावर मजकूर छापण्याची रूढी दुसऱ्या महायुद्धानंतर वाढली. १९४८ च्या अमेरिकेतील निवडणुकीत ड्यूई या उमेदवाराच्या नावाचे टी-शर्ट निघाले होते. जोतीरावांच्या घोंगडीची आठवण करून देणारा प्रसंग लंडनमध्ये १९८४ साली घडला. कॅथरीन हॅम्नेट ही वेषरचनाकार पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या निवासस्थानी समारंभास गेली. वरचा कोट काढताच आत एक लांबलचक अंगरखा दिसला, आणि त्याच्यावर हातभर अक्षरांत, शेकडा ५८ लोकांस पर्शिंग क्षेपणास्त्रे नको आहेत, असे छापलेले होते. छायाचित्रकार तयारच होते. थॅचरबाईही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. आमच्याकडे पर्शिंग नाहीत, क्रूझ आहेत, असे त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिल्याचे सांगतात. अमेरिकेतील शेपर्ड फेअरी या चित्रकाराने याहून चमत्कारिक मार्ग काढला. १९८९ साली कलाशाळेत असताना त्याने एका पैलवानाच्या चेहऱ्याची चिकटपत्रे भिंतींवर लावली. पुढे त्याखाली 'आज्ञा पाळ' अशा अर्थाचा एकच शब्द आला, आणि २००१ पासून तो शब्द कपड्यांवर विकला जाऊ लागला. कोणाची आज्ञा, ते लिहिलेले नाही. वाचणाऱ्याने चिडून स्वतःला विचारावे, आपण दिवसभर कोणाकोणाच्या आज्ञा पाळतो, असा त्याचा डाव. युक्ती मार्मिक आहे, यात शंका नाही. परंतु आज्ञा पाळू नका असे सुचविणारा सदरा हजारो मुले सर्वांनी घेतला म्हणून घेतात, तेव्हा डाव चित्रकारावरच उलटतो, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे जुन्या टोपीवर नवी अक्षरे उमटली ती ऑगस्ट २०११ मध्ये. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे दिल्लीच्या रामलीला मैदानावर उपोषणास बसले, आणि 'मैं अन्ना हूँ' असे छापलेल्या गांधी टोप्या देशभर रस्तोरस्ती विकल्या गेल्या. सोलापूरच्या टोपीवर काहीच लिहिलेले नव्हते आणि ती घालणाऱ्याला मार बसे. या टोपीवर सर्व लिहिलेले होते आणि ती चौकात पाहिजे तेवढी मिळत होती. यामुळे नवी टोपी खोटी ठरत नाही. तरी ज्या वस्त्राची किंमत केवळ पैशांत द्यावी लागते, त्याच्या बोलण्याचे वजन निराळे पडते, एवढे म्हणावे लागते. त्यानंतर तर निरनिराळ्या पक्षांनी आपापल्या रंगाच्या व घोषणेच्या टोप्या काढल्या, आणि निवडणुकीनंतर त्या रस्त्याच्या कडेला पडलेल्या दिसू लागल्या.

कपड्यावर काय छापावे याला आपल्या देशात कायद्याच्या मर्यादाही आहेत, आणि त्यांतील एक प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असली पाहिजे. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणारा कायदा १९७१ चा; त्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्रध्वज कमरेखालील पोशाखात वापरणे, तसेच तो उशा, हातरुमाल, अंतर्वस्त्रे किंवा कपड्यांच्या कापडावर छापणे वा भरणे हा अवमान समजला जातो. पंधरा ऑगस्टला हौसेने तिरंगी सदरे शिवून घेणाऱ्या मंडळींनी हे कलम एकदा वाचावे. ध्वजाचे कापडही आता पूर्वीचे राहिलेले नाही. हातकताईच्या खादीखेरीज यंत्रावर विणलेले आणि पॉलिएस्टरचे ध्वजही चालतील, अशी दुरुस्ती ध्वजसंहितेत ३० डिसेंबर २०२१ रोजी झाली. विजापूरच्या माळ्यावरून उतरलेल्या चरख्याचे त्या ध्वजाशी असलेले नाते त्यामुळे ऐच्छिक झाले.

राहता राहिला शाळेचा प्रश्न. शाळेत गणवेश असतो, आणि तो असावा या मताचे आम्ही आहोत. श्रीमंताचे व गरिबाचे मूल एका बाकावर बसले असता ओळखू येऊ नये, हा त्याचा हेतू थोर आहे. पण गणवेशावर एखादी खूण लावून विद्यार्थ्याला काही म्हणावयाचे असेल तर? अमेरिकेत डे मॉइन या शहरी डिसेंबर १९६५ मध्ये हा प्रश्न उभा राहिला. व्हिएतनाम युद्धात मेलेल्यांच्या शोकार्थ मेरी बेथ टिंकर ही तेरा वर्षांची मुलगी, तिचा पंधरा वर्षांचा भाऊ जॉन आणि त्यांचे काही सोबती दंडावर काळी पट्टी बांधून शाळेत गेले. शाळांनी आधीच मनाई केली होती. मुलांना घरी धाडण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २४ फेब्रुवारी १९६९ रोजी सात विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल मुलांच्या बाजूने लागला. अध्यापनात खरोखर मोठा व्यत्यय येत असेल तरच शाळेला असे मतप्रदर्शन रोखता येईल, केवळ ते कोणाला अप्रिय आहे किंवा त्यातून गडबड होईल अशी भीती वाटते म्हणून नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. विरुद्ध मत देणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक हे एरवी भाषणस्वातंत्र्याचे कडवे कैवारी. त्यांना मात्र शाळेची शिस्त विद्यार्थ्यांच्या हाती जाईल ही चिंता वाटली. शिक्षकांच्या खोलीत आजही या दोन्ही बाजूंना वकील मिळतील.

त्या निकालास तीन वर्षांहून अधिक काळ लागला. तोपर्यंत मुलांनी काय केले, हे निकालाइतकेच जाणून घेण्यासारखे आहे. नाताळची सुटी संपल्यावर ती पट्ट्या घरी ठेवून शाळेत परतली, आणि वर्ष संपेपर्यंत त्यांनी काळे कपडे घातले.